फडकं

तुओमो इंजिन बंद करतो आणि मला हाक मारतो.
माझं काम एवढंच: दोन चाचण्यांच्या मधे
स्फटिकाची जाड चकती काढायची,
तिच्यावरची काजळी पुसायची, परत बसवायची.
सतरा वर्षं मी एका खिडकीची मोलकरीण आहे.

खिडकी दट्ट्याच्या माथ्यावर. खाली तिरपा आरसा,
आरशासमोर कॅमेरा,
एका सेकंदाचे वीस हजार तुकडे करणारा.
त्यातून आम्ही बघतो, डिझेल कसं पेटतं.
पेटतं कसलं, उतावीळ असतं ते.
फवारा सुईतून सुटला न सुटला
की हवा नीट भेटायच्या आधीच भडकतो,
गुडघ्याला बाशिंग बांधून,
आणि श्वास अपुरा पडलेलं सगळं
पिवळं होतं, मग काळं,
मग माझ्या खिडकीवर येऊन बसतं.

आच चढवा, तर काजळी जळते खरी,
पण तेवढ्या तापात हवेतला नायट्रोजन जागा होतो.
एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात;
तिथे मात्र ऑक्सिजनशी नको ते नातं जोडतो.
आच उतरवा, काजळी परत.
इकडे आड, तिकडे विहीर,
आणि मधल्या अरुंद बांधावर
तुओमो, चष्मा कपाळावर ढकलून.

माझे वडील, आर्ने, बर्फफोड्या जहाजावर इंजिनवाले.
सुट्टीला घरी आले की आई त्यांची उशी वेगळी ठेवायची.
साउनात तिसऱ्यांदा दगडांवर पाणी ओतलं की
त्यांच्या पाठीवरून करडे ओघळ निघायचे.
"जहाज अजून उतरतंय अंगातून," म्हणायचे.
शेवटच्या हिवाळ्यात खोकल्याची उबळ गेली की
रुमालाची घडी माझ्यापासून लपवायचे.
धुणं मीच करायचे.

या वर्षी तुओमोनं प्रत्येक फवाऱ्यापुढे
एक नळी बसवली, करंगळीच्या पेराएवढी,
पेन्सिलीचं शिसं जाईल एवढं भोक.
डिझेलनं आधी या बोळातून जायचं,
जाता जाता हवेला सोबत ओढायचं,
पुरतं मिसळायचं, मग पेटायचं.
वर, आच मंद राहावी म्हणून
जळून गेलेला धूरच थोडा परत आत सोडायचा.
प्रबंध लिहिणारी इन्केरी म्हणाली,
"इतकं सोपं होतं, तर इतकी वर्षं का नाही केलं?"
तुओमो बोलला नाही.
त्याच्या हातात तिसऱ्यांदा वाकलेली नळी होती.

मंगळवार. उणे सत्तावीस.
वासाचा समुद्र क्षितिजापर्यंत घट्ट.
नव्वद आवर्तनं झाली आणि पडदा काळोखा.
इन्केरीला वाटलं, कॅमेरा बिघडला.
तुओमोनं खोलीतले दिवे मालवले.
तेव्हा दिसलं: निळं.
मंद ठेवलेल्या शेगडीच्या कडेला असतं तसं,
आहे की नाही असं वाटणारं निळं.

मी चकती काढली. फडकं गोल फिरवलं,
दिव्याखाली धरलं.
पांढरं. कडेला एक करडी रेघ,
नखातल्या मळाएवढी.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
"हे अर्ध्या भारावर," तुओमो म्हणाला. "पूर्ण भारावर बघू."
पूर्ण भारावर पिवळं परत आलं. कमी, पण आलं.
मी दुसरं फडकं घेतलं.

बाहेर पलीकडच्या किनाऱ्याची फेरी सुटत होती,
धुराड्यावर तोच जुना काळा तुरा.
तिच्या इंजिनात कुणाचा तरी बाप असेल.
आमच्या नळीला तिथवर जायला
अजून किती हिवाळे, ठाऊक नाही.

रविवारी दफनभूमीत गेले होते.
बर्फ झाडताना खिशातून हातमोज्याऐवजी
मंगळवारचं फडकं निघालं.
त्यानंच दगडावरचं नाव पुसलं.
दगड काळाच, इथल्या खाणीतला.
फडकं ओलं झालं, एवढंच.